विजेचा जुलै, पाण्याचा मे : गोव्यात तारेवाचून उभी राहणारी खोप

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' जाहीर केली, तेव्हापासून छपरावरच्या सौर पॅनेलविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते. त्या बोलण्यातून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. सत्तरीत, सांग्यात किंवा काणकोणात घरची थोडी जमीन आहे, तिथे स्वतःच्या हाताने एक लहानशी खोली बांधावी, वीज खात्याचा खांब मागू नये, सार्वजनिक नळही मागू नये आणि तरी नीट राहता यावे, हे जमेल का? इंग्रजीत अशा घराला 'ऑफ-ग्रिड केबिन' म्हणतात. बाहेरची वीजवाहिनी आणि जलवाहिनी या दोहोंशी न जोडलेले, स्वतःची गरज स्वतः भागवणारे छोटे घर, एवढाच त्याचा अर्थ. कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागायतीत, राखणीसाठी जी खोप असते तिचेच हे सुधारलेले भावंड आहे, म्हणून या लेखात मी 'खोप' हाच शब्द वापरणार आहे.

जमते, हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. मात्र विचारणारे बहुतेक जण ती कल्पना डिसेंबरात करतात, जेव्हा आकाश निरभ्र असते, विहिरीला पाणी असते आणि भिंती कोरड्या असतात. गोव्यातल्या खोपीची खरी परीक्षा दोन महिन्यांत होते. जुलैत पाणी उदंड असते आणि ऊन नसते. मेमध्ये ऊन उदंड असते आणि पाणी नसते. विजेचा हिशेब जुलै धरून करायचा आणि पाण्याचा मे धरून. पुढचा सगळा लेख या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी कागद, मग कुदळ

जमीन आपली आहे म्हणून तिच्यावर हवे ते बांधता येते, हा समज गोव्यात महागात पडतो. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्याकडेच्या आणि शेतजमिनींतल्या अनधिकृत बांधकामांविरुद्ध कारवाईचे आदेश दिल्यापासून ही गोष्ट अनेकांच्या अंगाशी आली आहे. शेतजमिनीचा वापर बदलायचा तर गोवा जमीन महसूल संहिता, १९६८ प्रमाणे सनद, म्हणजे तशी लेखी परवानगी, लागते, आणि गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे बांधकामाला पंचायतीचा परवाना लागतो. जमीन कुळ कायद्याखाली मिळालेली असेल, तर १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्यामुळे ती शेतीखेरीज अन्य कामाला वापरता येत नाही. विहीर किंवा कूपनलिका खोदायची असल्यास २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली वेगळी परवानगी घ्यावी लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की खोप लाकडाची केली, किंवा हलवता येण्याजोगी केली, म्हणजे परवान्याचा प्रश्नच उरत नाही. या आशेवर पैसे घालू नयेत. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकीची व कुळाची नोंद, आणि सर्वेक्षण आराखडा घेऊन आधी पंचायतीत व नगरनियोजन कार्यालयात जाऊन यावे आणि मगच चिऱ्यांची चौकशी करावी. हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळणाऱ्याचे घर आयुष्यभर कोणाच्या तरी तक्रारअर्जाची वाट पाहत उभे राहते.

वॅट आणि वॅट-तास

सौर विजेविषयीचा निम्मा गोंधळ दोन शब्दांत दडलेला आहे. वॅट म्हणजे तोटीतून पाणी किती जोराने येते ते, आणि वॅट-तास म्हणजे त्या तोटीखाली ठेवलेल्या घागरीत किती पाणी जमले ते. हजार वॅट-तास म्हणजे वीज बिलावरचे एक युनिट.

हा भेद कळला की स्वयंपाकघरातली एक गंमत कळते. हुमणाचे वाटण करणारा मिक्सर ७५० वॅटचा असतो, म्हणून लोक त्याला घाबरतात. पण तो पाच मिनिटेच चालतो आणि जेमतेम साठ वॅट-तास खातो. उलट छोटा फ्रीज कधी आवाज करत नाही, मात्र दिवसरात्र थोडेथोडे पीत राहून पाचसहाशे वॅट-तास सहज संपवतो. मिक्सरसाठी इन्व्हर्टर पुरेसा ताकदवान लागतो, तर फ्रीजसाठी पॅनेल आणि बॅटरी दोन्ही जवळपास दुप्पट लागतात. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीतल्या एकदिश (डीसी) विजेचे घरातल्या उपकरणांना चालणाऱ्या विजेत रूपांतर करणारी पेटी.

माझ्या खोपीचा दिवसाचा हिशेब असा आहे. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास चालले तर १३५ वॅट-तास लागतात. तीस वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा दहा तास चालला तर ३००, पन्नास वॅटचा लॅपटॉप चार तास चालला तर २००, दोन फोन मिळून ३०, आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप वीस मिनिटे चालला तर सुमारे १२५. बेरीज आठशेच्या आतबाहेर. अंघोळीच्या पाण्याला विजेचा हीटर नाही. त्याच्यासाठी न्हाणीतले भाण, म्हणजे चुलीवर पाणी तापवायचे मोठे भांडे, आणि जळणाला माडाची सुकी चुडते आहेत, आणि या कामात भाणाला मागे टाकणारे यंत्र मला अजून दिसलेले नाही.

जुलैचा हिशेब

तारा, बॅटरी, इन्व्हर्टर आणि तापलेली पॅनेल यांत मिळून साधारण तीस टक्के वीज वाया जाते असे धरले, तर आठशे वॅट-तास हाती यायला पॅनेलने सुमारे साडेअकराशे निर्माण केले पाहिजेत. आता प्रश्न उरतो ऊन किती तासांचे. इथे 'तास' म्हणजे सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊनही दुपारच्या भरदार उन्हात बदलून मोजलेले तास. त्यांना आपण सूर्यतास म्हणू. गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये असे सहाच्या आसपास सूर्यतास मिळतात, डिसेंबरात पाचेक, आणि जुलैत सरासरीने साडेतीन-चार. जुलैतली ही सरासरीसुद्धा फसवी असते, कारण सलग चारपाच दिवस झड लागली की हाती दीड सूर्यतासही धड येत नाही.

याचा अर्थ असा, की डिसेंबरात २३० वॅटच्या एका पॅनेलवर आरामात चालणारी खोप झडीच्या दिवसांत जवळजवळ ७७० वॅट मागते. मला सामान विकणाऱ्याने वर्षाच्या सरासरीवर हिशेब करून दिला होता आणि मीही तो मान हलवून घेतला. वर्षाची सरासरी म्हणजे जुलैतली काठोकाठ विहीर आणि मेमधली कोरडी विहीर यांची बेरीज करून दोनाने भागणे होय. त्या भागाकाराने मेमध्ये कळशी भरत नाही. पहिल्या जुलैत झडीच्या तिसऱ्या रात्री दोन वाजता इन्व्हर्टर किणकिणू लागला. मी दिवे घालवले, मग पंखा घालवला आणि शेवटी तो आवाज बंद करण्यासाठी इन्व्हर्टरच घालवला. मेणबत्ती शोधली, तर काडीपेटीच्या गुलाला ओल धरलेली, एकही काडी ओढली जाईना. सकाळी उजेडात पाहिले, तर मिठाच्या भरणीत मीठ कमी आणि पाणी जास्त. त्या वर्षीच्या दसऱ्याला दोन पॅनेल वाढवली.

पॅनेलचा उतारही असाच डोळे झाकून ठरवला जातो. आपण पंधरा-साडेपंधरा अक्षांशावर आहोत, म्हणून दक्षिणेकडे पंधरा अंशांचा उतार द्यावा, असे पुस्तकी उत्तर मिळते आणि वर्षभराच्या बेरजेसाठी ते बरोबरही आहे. परंतु एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. जुलैला महत्त्व द्यायचे तर उतार दहा अंशांच्या जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्याहून कमी केल्यास काचेवर धूळ आणि शेवाळ धरून राहते. आणि माडाची सावली! एका चुडताची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी साऱ्या ओळीची वीज घसरते, कारण पॅनेलमधले घटक एकाच माळेत ओवलेले असतात.

बॅटरी किती आणि कोणती

दोन दिवस ऊन मुळीच आले नाही तरी निभावले पाहिजे, असे धरले तर सोळाशे वॅट-तास साठवावे लागतात. शिसे-आम्लाची ट्युब्युलर बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उपसली की लवकर मरते. म्हणजे १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर अठराशे वॅट-तास लिहिलेले असले, तरी त्यांतले नऊशेच आपले. अशा दोन घ्याव्या लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त उपसता येते, त्यामुळे २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एकच पुरते. ती महाग असते, पण पाणी घालावे लागत नाही, आम्लाची वाफ येत नाही आणि ती कितीतरी अधिक वर्षे टिकते. बंद खोलीत शिसे-आम्लाची बॅटरी ठेवू नये, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो.

दोन गोष्टींत काटकसर करू नये. पॅनेलपासून येणारी वीज एकदिश असते आणि तिची ठिणगी आपोआप विझत नाही, म्हणून तिथे घरातले साधे बटण न वापरता एकदिश विजेसाठी बनवलेलाच स्विच लावावा. तसेच मे आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटाचा विचार करून भूसंपर्क (अर्थिंग) आणि तडितरक्षक नीट बसवून घ्यावेत. या दोन्ही कामांना परवानाधारक वायरमन बोलवावा. 'स्वतः बांधणे' याचा अर्थ इथे लागू करू नये. यंत्रांची पेटी मात्र जमिनीपासून उंच आणि जाळी लावून बंद करावी. माझ्या चार्ज कंट्रोलरमध्ये, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या नियंत्रकात, मुंग्यांनी अंड्यांसकट बिऱ्हाड थाटले होते.

पाण्याचा मे

पाण्याचा हिशेब विजेपेक्षा सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वाळपईकडे त्याहूनही बराच जास्त. खोप पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद असेल, तर तिचे क्षेत्र वीस चौरस मीटर. पण चारी बाजूंनी नव्वद सेंटिमीटरची वळचण सोडली, की छपराखालची जागा जवळजवळ चाळीस चौरस मीटर होते. म्हणजे गोळा होणारे निम्मे पाणी खोलीवर पडतच नाही, ते वळचणीवर पडते. गळती, उडणे आणि पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी वजा जाता ऐंशी टक्के हाती आले, तरी वर्षाला सुमारे ९६,००० लिटर पाणी होते.

एवढे पाणी असताना टंचाई कशी, असे कोणी विचारील. कारण ते चार महिन्यांत येते आणि उरलेले आठ महिने येत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे २४० दिवस होतात. दोन माणसांनी जपून वापरले तरी रोज शंभर लिटर लागतात. म्हणजे २४,००० लिटर साठवायला चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकी हवी. एकट्याने बांधण्याच्या दृष्टीने ही टाकी खोपीपेक्षा मोठे काम आहे. केवळ शनिवार-रविवारी राहायचे असेल तर मात्र सत्तरेक दिवसांचे सात हजार लिटर पुरतात आणि बाजारातल्या प्लास्टिकच्या दोन टाक्यांत काम भागते. म्हणून आपण तिथे किती दिवस राहणार आहोत, याचे प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्यावे. माझ्या पाहण्यात बहुतेकांचे उत्तर 'कायमचे' असते आणि वागणे शनिवार-रविवारचे.

पहिल्या दोनतीन सरींत छपरावरची धूळ, पानांचा कचरा आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. ते पाणी वेगळी तोटी ठेवून बाहेर सोडावे. नंतरचे पाणी खडी आणि वाळूच्या थरांतून गाळून टाकीत घ्यावे, आणि पिण्यापूर्वी उकळावे. टाकीला अंधार हवा, नाहीतर शेवाळ धरते. आणि झाकणाला बारीक जाळी हवी, नाहीतर डेंग्यूचे डास आपल्या आधी राहायला येतात.

छप्पर आधी ठरवा, भिंती मागाहून

गोव्यातले जुने घर पाहिले की त्याची बुद्धी छपरात दिसते. उभा उतार, लांब वळचण, उंच जोते आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीला जूनच्या आधी बांधलेली माडाच्या झावळ्यांची झापे. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, पण तो सच्छिद्रच राहतो. नैर्ऋत्येच्या भिंतीवर पावसाचे फटके बसत राहिले, तर तो पाणी ओढून आतल्या बाजूला ओल काढतो. यावर अनेक जण बाहेरून जाड तैलरंग देतात. तसे करू नये. चिऱ्यात शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही आणि रंगाला फोड येतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी भिंतीला श्वास घेऊ देते, आणि दर दोन वर्षांनी ती एकट्याला मारता येते.

लाकूड ओले वापरल्यास पहिल्या पावसात दार फुगते आणि पहिल्या उन्हाळ्यात फटी पडतात. म्हणून साग, फणस किंवा माट्टीचे लाकूड किमान एक उन्हाळा सावलीत रचून सुकवावे आणि दाराला चौकटीत थोडी मोकळीक ठेवावी. बांबू वापरायचा असेल तर बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून घ्यावा. वाळवीसाठी लाकडाचा मातीशी थेट संबंध कुठेही येऊ देऊ नये. खांब चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या पायावर बसवावेत.

जुलैची आणखी एक अडचण पायाखालून येते. पावसात भूजल वर चढते आणि खड्ड्याचे शौचालय तुंबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तेच पाणी विहिरीत उतरते. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून पंधरा मीटर दूर आणि उतारावर खालच्या अंगाला घ्यावा. जागाच सखल असेल तर खड्डा टाळून बंद टाकीचे, मैला जिवाणूंकरवी कुजवणारे जैव शौचालय करावे. न्हाणीचे पाणी केळींना सोडावे.

एकट्याने खरोखर जमते का?

बऱ्याच अंशी जमते, मात्र त्यासाठी सामान निवडताना एक प्रश्न विचारावा लागतो : ही वस्तू मला एकट्याला उचलता येते का? मंगळुरी कौल अडीच किलोच्या आतले असते. वर हिशेबात धरलेल्या खोपीच्या उतरत्या छपराला सुमारे सातशे कौले लागतात, म्हणजे सगळे मिळून दीड टनाहून जास्त ओझे. तरीही एक माणूस चार दिवसांत ते सावकाश चढवू शकतो. चिऱ्याचे तसे नाही. एकेक चिरा तीस किलोंच्या पुढे भरतो आणि कमरेच्या वर गेला की पाठ बोलू लागते, म्हणून भिंतीला एक गवंडी आणि एक मदतनीस घ्यावा. आढे चढवायला चार माणसे लागतातच. त्या दिवशी शेजाऱ्यांना जेवायला बोलवावे. आजची मोठी पॅनेल दोन मीटरहून लांब असतात आणि वाऱ्यात शिडासारखी ओढतात. एकट्याने काम करणाऱ्याने लहान आकाराची घ्यावीत. पत्र्याचे छप्पर सर्वांत लवकर होते आणि पाणीही स्वच्छ देते, पण एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही आणि जुलैच्या रात्री शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कौलांखाली पातळ अस्तर घालणे हा मला पटलेला मध्यम मार्ग आहे.

वेळापत्रकही पावसानेच ठरवलेले असते. पाया आणि जोते दिवाळीनंतर, भिंती जानेवारीपर्यंत, छप्पर मार्चअखेर आणि वीज-पाणी मेच्या मध्यापर्यंत व्हायला हवे. फेब्रुवारीत पाया खणायला घेणारा माणूस जूनमध्ये उघड्या भिंतींवर ताडपत्री ओढत बसतो.

मग खांबच का घेऊ नये?

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. सूर्यघर योजनेचे अनुदान, जे तीन किलोवॅट व त्यापुढील संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे, ते वीजवाहिनीला जोडलेल्या संचांनाच मिळते. तारेवाचूनच्या खोपीला त्यातले काहीच मिळत नाही. जोडलेल्या घराला दिवसा उरलेली वीज वाहिनीत सोडता येते आणि रात्री परत घेता येते, म्हणजे वाहिनी हीच त्याची बॅटरी होते. आपल्याला मार्च-एप्रिलमध्ये दुपारी अकरानंतर उरणारी वीज कोणी घेत नाही. जुलैसाठी वाढवलेली पॅनेल आठ महिने निम्मी रिकामी बसतात. मी त्या उरलेल्या विजेवर पंप चालवून बागेला पाणी देतो, तरीही बरीच वाया जाते. शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च आहेच. माझ्या खोपीपर्यंत यायला आठ खांब आणि दोन शेजाऱ्यांची संमती लागली असती, आणि त्यांतल्या एकाने ती दिली नाही. खांब शंभर मीटरच्या आत असता, तर मी मुकाट्याने जोडणीचा अर्ज भरला असता आणि हा लेख दुसऱ्याच कोणाला लिहावा लागला असता.